गच्ची गळतेय: कोटिंग, मेंब्रेन, कोबा का पत्रा?

पाऊस उघडला की साताऱ्यात घरोघरी हाच विषय, गच्चीला कोटिंग मारायचं का सरळ पत्रा टाकायचा. पण पैसे घालायच्या आधी ओल कुठनं येतेय ते बघा, कारण सगळीच ओल वरनं येत नाही. पावसानंतर वाढणारा, कडेला पिवळसर रेघ असलेला डाग म्हणजे बहुतेक गळती, पण खोली कायम बंद, कपडे आतच वाळत घातलेले, स्वयंपाकाची वाफ बाहेर जायला जागा नाही, आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरलीय, तर ते थंड स्लॅबला खालून सुटलेलं पाणी असतं, तिथं एक्झॉस्ट फॅन लावा, वरनं कितीही महागाचं केमिकल फासून फरक पडणार नाही.

कोटिंग म्हणजे रंगासारखं मारायचं अॅक्रिलिक केमिकल, सगळ्यात स्वस्त आणि पांढरं घेतलं तर सांगली-मिरजेच्या उन्हात खालची खोली जरा निवते पण. मात्र स्लॅबला उतार पाहिजे, पाणी साचलं की अॅक्रिलिक सुटतं, आणि दर काही वर्षांनी परत मारावंच लागतं.

मेंब्रेन म्हणजे डांबराची ३-४ मिलिमीटर जाड शीट, गॅसच्या ज्योतीनं चिकटवतात, टिकतं चांगलं पण कारागीर जाणकार हवा, सांधे आणि कठड्याजवळची वळणं नीट नसली तर पाणी तिथनंच घुसतं.

ह्या दोन्हीला स्लॅब कोरडाच लागतो. ओल आत ठेवून वरनं बंद केलं की उन्हात तिची वाफ होते आणि फुगे येतात. प्लॅस्टिकचा दीड-दोन फुटाचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवून एक दिवस ठेवा, खालच्या अंगाला थेंब दिसले तर काम थांबवा.

उतारच नसेल तर कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा उतार दिलेला थर, वाळवणं घालायला गच्ची पण मोकळी राहते. पण ४ इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास जातं, त्यामुळं जुन्या घरावर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको, आणि जुन्या कोब्यावर दुसरा कोबा तर अजिबातच नको. एकदा पाणी विटांच्या तुकड्यांत शिरलं की पाऊस थांबल्यावरही खाली ठिबकत राहतं आणि नेमकं कुठनं शिरलं ते सापडत नाही.

मेढा, पाटणकडं पाऊस धो धो, तिथं मी पत्राच सांगेन. स्लॅब कोरडा राहतो, सावलीमुळं खोल्या थंड. फक्त लोकं चारी बाजू पण पत्र्यानं बंद करून टाकतात तिथं घोळ होतो, थंडीत रात्री पत्रा हवेपेक्षा गार पडतो आणि पहाटे आतनं थेंब गळायला लागतात, खाली सोयाबीनची पोती असली तर संपलंच. समोरासमोरच्या दोन बाजू वरनं फूटभर तरी उघड्या ठेवा, वळचण पुढं काढा म्हणजे पाऊस आत येत नाही. टर्बो व्हेंटिलेटर (पत्र्यावर बसवायचा, वाऱ्यानं फिरून आतली हवा ओढणारा पंखा) लावला तरी खालनं हवा आत यायला वाट लागतेच, नाहीतर तो ओढणार काय? चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत, वारं पत्रा खालनं उचलतं, म्हणून खांब कठड्याच्या विटांत न रोवता कॉलम-बीमवर बसवा आणि स्क्रूला रबरी वॉशर घ्या.

कोटिंग, मेंब्रेन ठरलं असेल तर दिवाळीच्या आधी घाई करू नका, फेब्रुवारी ते एप्रिल काम काढा, स्लॅब तोवर खडखडीत वाळलेला असतो.