१० किलोमीटरचा वेग २१ किलोमीटरपर्यंत: तुकडे की सलग?

१० किलोमीटर ५० मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं. हाच वेग हाफ मॅरेथॉनला धरायचाय? एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ सांगणाऱ्या पीटर रीगल यांच्या सूत्रानुसार (घातांक १.०६) तुमची आजची हाफ साधारण १ तास ५० मिनिटांची, म्हणजे किलोमीटरला ५:१४. हे १४ सेकंद दिसतात किरकोळ, पण भरून काढायला काही महिने जातात.

पहिला मार्ग तुकड्यांचा. वेग ५:०० वर पक्का ठेवायचा आणि तुकडा लांबवत न्यायचा: ६ वेळा १ किलोमीटर, मग ४ वेळा दीड, मग ३ वेळा २, मध्ये दोन मिनिटं हळू जॉगिंग. पायांना तो वेग अंगवळणी पडतो. धोका एकच, विश्रांती फसवते. ती आठवड्यागणिक कमी केली नाही, तर सहनशक्ती वाढल्याचा नुसता भास होतो.

दुसरा मार्ग सलग टेम्पोचा, म्हणजे न थांबता, कठीण पण टिकवता येईल अशा वेगाने धावण्याचा: ५:१० च्या आसपास २० मिनिटं, पुढे वाढवत ४० पर्यंत. लॅक्टेट (जोरात धावताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ) तयार होण्याचा वेग आणि शरीर ते वापरण्याचा वेग जेमतेम जुळतात, त्या सीमेवर इथे काम होतं. कंटाळवाणं आहे, खरंय. पण शर्यतीतही मध्ये थांबायला मिळत नाहीच!

माझं मत: दम आधी संपत असेल तर टेम्पो, पाय आधी जड होत असतील तर तुकडे. दोन्ही एकाच आठवड्यात कोंबू नका. रविवारची लांब, संथ धाव मात्र दोन्हीकडे हवीच.