फ्युचुरा बोल्ड ऑब्लिक: मोठ्या साइजचा राजा

पोस्टर, बॅनर, थंबनेल असलं काही करायचं असेल ना तर हा फॉन्ट एकदा लावून बघाच. मूळ फ्युचुरा जर्मन डिझायनर पॉल रेनरचा, 1927 चा, म्हणजे जवळपास शंभर वर्षं जुना, पण ही जाड तिरकी आवृत्ती आजही इतकी ताजी दिसते की विश्वास बसत नाही. उभ्या बोल्डमधला ओ जवळजवळ गोल असतो, तोच इथे उजवीकडे झुकतो आणि अख्ख्या ओळीला वेग येतो. स्मॉल जे बघा, खाली वळणच नाही, नुसती तिरकी काठी आणि वर टिंब, मला तर तोच सगळ्यात आवडतो.

अमेरिकन कलाकार बार्बरा क्रूगरची कामं पाहिली असतील तर लाल पट्टीवरची पांढरी तिरकी अक्षरं आठवतील, ती हीच. तीन-चार शब्द, मोठ्ठे, बास!

पण लहान साइजला नका वापरू प्लीज, स्मॉल ए आणि ई मधली पोकळी भरून येते आणि सगळं काळं दिसतं, परिच्छेद तर विसराच. आणि साधा बोल्ड घेऊन सॉफ्टवेअरमधून तिरका करायचा शॉर्टकट मारू नका, गोलाई कुठे जाड कुठे बारीक होते, एसमध्ये लगेच कळतं. खरा ऑब्लिक कट, म्हणजे मुळातच तिरका काढलेला फॉन्ट घ्या. कॅपिटल्समध्ये अक्षरांमधली जागा मात्र हाताने अॅडजस्ट करा, ए आणि व्ही शेजारी आले की फट दिसतेच.