आर४एसच्या पेटीत आर२एस: राउटरसाठी बोर्ड घेताना गेलेले ११,९५० रुपये

राउटर बनवण्यासाठी वापरतात तो नॅनोपाय आर४एस (४ जीबी मेमरी) हा छोटा संगणक-बोर्ड म्हणून मला त्याच घराण्यातला कमी ताकदीचा नॅनोपाय आर२एस (१ जीबी) विकण्यात आला आणि या व्यवहारात माझे एकूण ११,९५० रुपये गेले. विक्रेत्याचे नाव देण्यात अर्थ नाही, कारण त्याने सांगितलेले नाव त्याचे स्वतःचे असावे यावर आता माझा विश्वास राहिलेला नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर लिहिते, कारण आगाऊ पैसे घेऊन पसार होणारे सर्वांना माहीत असतात, पण हा मनुष्य वस्तू वेळेवर पाठवतो, ती सुरू होते, इंटरनेट चालते आणि गिऱ्हाईक त्याचे आभार मानते. मीही मानले होते.

आधी हे सांगते की मी अभ्यास न करता खरेदीला गेले नव्हते. आमच्याकडे ५०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे आणि घरातल्या कोणाचाही बॅकअप वर चढू लागला की माझ्या कार्यालयीन बैठकीतला आवाज तुटत असे. यावरचा उपाय म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली) बसवून एसक्यूएम (पॅकेटच्या रांगा आवरून विलंब टाळणारी सोय) लावणे, आणि एसक्यूएम लावले की हार्डवेअर ऑफलोडचा (पॅकेट हलवण्याचे काम वेगळ्या सर्किटकडे सोपवण्याचा) आधार सुटून प्रत्येक पॅकेटचा भार प्रोसेसरवर येतो. रास्पबेरी पाय ३बी+ हा दुसरा छोटा बोर्ड मी लगेच बाद केला, कारण त्याचा गिगाबिट म्हणवणारा पोर्ट यूएसबी २.० वरून जातो आणि ३०० एमबीपीएसच्या आसपास अडतो. पाय ४ चा पोर्ट खरा गिगाबिट आहे, पण राउटरला दोन पोर्ट लागतात आणि इथे तो एकच आहे; दुसऱ्यासाठी यूएसबी अडॅप्टर तरी लावा किंवा व्हीलॅन (एकाच तारेवर वेगवेगळी जाळी चालवण्याची सोय) समजणारा स्विच तरी घ्या. आर४एसमध्ये मात्र आरके३३९९ ही चिप आहे, तिच्यात दोन दमदार ए७२ आणि चार साधे ए५३ असे सहा गाभे (प्रोसेसरचे कोअर) आहेत, आणि दुसरा इथरनेट पोर्ट पीसीआयई या वेगवान अंतर्गत मार्गावर बसवलेला आहे. आर२एसमध्ये आरके३३२८, म्हणजे केवळ चार ए५३ गाभे, आणि दुसरा पोर्ट यूएसबी ३.० वरून काढलेला. साधे राउटिंग आर२एसही झकास करतो आणि नेमका याच गोष्टीचा फायदा हा विक्रेता उठवतो, कारण वेगचाचणी करून पाहणाऱ्याला ४८० किंवा ४९० चा आकडा दिसतो आणि तो निश्चिंत होतो. म्हणून वेगचाचणीवरून बोर्ड ओळखू नका.

सुट्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका गटात त्याची जाहिरात होती. बोर्डाचे ८,४०० रुपये, धातूच्या पेटीचे ९००, ‘सर्व काही बसवून दिलेल्या’ ३२ जीबी मेमरी कार्डाचे ६५० आणि कुरिअरचे १५० असे १०,१०० रुपये मी यूपीआयने दिले. किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. बाजारभावाच्या किंचित खाली होती, आणि मला वाटते ती विचारपूर्वक ठरवलेली होती. पार्सल निघाल्यावर त्याने कस्टम्सच्या फरकाचे म्हणून आणखी १,८५० रुपये मागितले. पार्सल भिवंडीहून कल्याणला येत होते. भिवंडी आणि कल्याण यांच्यामध्ये कोणते कस्टम्स लागते, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही असे नाही. विचारला, आणि ‘ताई, माल बाहेरूनच आला ना, त्याचा फरक माझ्या खिशातून जातोय’ असे उत्तर आले. पार्सल वाटेत असताना आणि १०,१०० रुपये अडकलेले असताना मनुष्य वाद घालत नाही. वस्तू निघाल्यानंतर मागितलेला एकही रुपया देऊ नये, मग कारण कोणतेही असो.

आता त्या क्षणाकडे येते, जो आठवला की आजही माझ्या कानशिलांत रक्त चढते. पेटीत मायक्रो यूएसबीची केबल होती. आर४एसला वीज टाइप-सी पोर्टातून दिली जाते, ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर, हे मी स्वतः वाचलेले होते आणि त्यासाठी टाइप-सीचा चार्जर बाजूला काढूनही ठेवला होता. तो चार्जर हातात धरून मी पेटीच्या त्या छोट्या, चपट्या भोकाकडे पाहत होते. आर४एसला यूएसबी ३.० चे दोन पोर्ट असतात. इथे एकच होता आणि त्याच्या आत यूएसबी ३.० ची खूण असलेला निळा रंगही नव्हता. वर मात्र ठळक अक्षरांत ‘आर४एस’ असे लेबल चिकटवलेले होते. मी विक्रेत्याला छायाचित्र पाठवले. ‘ताई, हा इंडियाला येणारा वेगळा व्हेरिएंट आहे, आतला बोर्ड तोच. तुम्हाला खोटं सांगून मला काय मिळणार?’ असे तो म्हणाला, आणि मी ती केबल लावली.

यावर मला हसणाऱ्यांना एवढेच विचारते की आर२एस, आर२सी, आर४एस, आर४एसई, आर५एस, आर५सी, आर६एस, आर६सी ही सगळी एकाच घराण्यातली नावे आहेत आणि खुद्द आर४एसही १ जीबी व ४ जीबी अशा दोन रूपांत निघालेला आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याने आणखी एका ‘व्हेरिएंट’वर विश्वास ठेवला तर त्यात भोळेपणा तो कोणता? ज्याला काहीच माहीत नाही तो हा बोर्ड घेतच नाही. फसतो तो थोडेफार जाणणारा.

सत्य बाहेर आले ते एसक्यूएम लावल्यावर. वेग निम्म्याच्या आसपास कोसळला आणि आधी मी माझीच मांडणी चुकली असे समजून सेटिंग्ज उलटसुलट करत बसले, कारण राउटरच्या पहिल्या पानावर मॉडेल आर४एस असेच छापलेले होते. ते नाव ही केवळ एक मजकुराची ओळ असते आणि कार्ड तयार करणाऱ्याला ती हवी तशी लिहिता येते, हे ध्यानात ठेवा. त्याने मेमरीचा आकडाही जीबीत न दाखवता नुसत्या टक्क्यांत दिसेल अशी व्यवस्था केलेली होती! शेवटी टर्मिनल उघडून ‘एनप्रॉक’ ही गाभे मोजणारी आज्ञा दिली तेव्हा ६ ऐवजी ४ आले, ‘फ्री’ने १ जीबीच्या आतली मेमरी दाखवली, आणि यूएसबीवरची उपकरणे दाखवणाऱ्या ‘एलएसयूएसबी’च्या यादीत रियलटेक ८१५३ ही यूएसबी इथरनेटची चिप निघाली, जी आर४एसमध्ये असण्याचे काहीच कारण नाही. सीपीयूच्या माहितीत प्रत्येक गाभ्यापुढे ०xडी०३ हा क्रमांक होता, म्हणजे सगळे ए५३. ए७२ चा ०xडी०८ कुठेही नव्हता. या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. ती पार्सल हाती आल्याच्या दिवशी करा, आणि तीही मूळ ओपनडब्ल्यूआरटी दुसऱ्या कार्डावर लिहून करा.

पैशांपेक्षाही जे मला अधिक झोंबले ते कार्ड उघडून पाहिल्यावर सापडले. एसएसएचच्या (दुरून यंत्रात शिरण्याच्या सोयीच्या) अधिकृत चाव्यांच्या फाइलमध्ये एक परकी चावी होती आणि फायरवॉलमध्ये बाहेरून एसएसएच आत येऊ देणारा नियम होता. विचारल्यावर ‘सपोर्टसाठी’ असे उत्तर आले. घरातल्या प्रत्येक फोनची आणि संगणकाची वाहतूक ज्या यंत्रातून जाते त्याची किल्ली मी एका अनोळखी माणसाला ६५० रुपये मोजून दिली होती. विक्रेत्याने भरून दिलेले कार्ड राउटरमध्ये कधीही घालू नये.

यानंतर तक्रारीचा प्रवास सुरू झाला. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे हा अधिकृत व्यवहार आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचे संरक्षण अनधिकृत व्यवहारांना होते, आणि याबाबतीत बँकेचे म्हणणे खोडता येत नव्हते, हेच अधिक संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात मला आधी बोर्ड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले, मग राउटर म्हणजे काय, आणि एवढे झाल्यावर ‘मॅडम, वस्तू मिळाली ना? चालते ना? मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला आहे’ असा निवाडाच देण्यात आला. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये, खोटा नमुना दाखवून वस्तू विकत घ्यायला लावणे हे फसवणुकीचे उदाहरण म्हणूनच दिलेले आहे. मी ते छापून नेले. ते घेण्यात आले, टाचणी लावून एका फाइलमध्ये ठेवण्यात आले आणि मला सायबर पोलिसांकडे पाठवण्यात आले. त्यांनी हद्दीच्या ठाण्याकडे परत पाठवले. एका ग्राहक मदत कक्षाने विक्रेत्याची नोंदणीकृत कंपनी कोणती असे विचारले. कंपनी नोंदवून, पाटी लावून, पत्ता देऊन फसवणारा ठग यांना हवा आहे की काय? गटाच्या चालकांनी तर जाहिरातीखालची माझी तक्रारच काढून टाकली, कारण म्हणे तिच्यामुळे वातावरण बिघडते.

पैसे जाताच, त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. मला उलगडा होईपर्यंत रक्कम त्याच्या खात्यातून केव्हाच पुढे गेलेली होती. ग्राहक आयोगाची वाट लांब असली तरी बंद नाही: २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. माझी तक्रार दाखल आहे. विक्रेत्याच्या पत्त्याच्या रकान्यात कुरिअरच्या पावतीवरचा पत्ता लिहिला असून नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ या शेऱ्यासह परत आली आहे.

त्याची जाहिरात नव्या नावाने पुन्हा आलेली आहे, यावेळी बोर्डाची किंमत ८,९०० रुपये. छायाचित्रे नेहमी समोरून, दोन इथरनेट पोर्ट दिसतील अशीच काढलेली असतात. त्याच्याकडे वीज जोडण्याच्या बाजूचे छायाचित्र मागा, आणि तेही त्या दिवसाचे वर्तमानपत्र शेजारी ठेवून काढलेले.