अमेरिकेतून मागवलेला गेमिंग हेडसेट: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

ड्रॉप या अमेरिकन ऑनलाइन दुकानाचा पीसी३८एक्स हेडसेट अमेरिकेतून मागवला त्याला आता वर्ष होत आलं. दोन दिवस वापरून लिहिलेले रिव्ह्यू ढिगाने मिळतात, पण मुंबईच्या हवेत, इथल्या घरात तो कसा चालतो आणि दारात येईपर्यंत खरंच कितीला पडतो हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून एवढं लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, वायरवाला आणि बॅटरी नसलेला हेडसेट बाहेरून मागवणं परवडतं, बाकी कशाच्याही आधी दहा वेळा विचार करा.

सुरुवातीला लॅमिंग्टन रोड पालथा घातला. तिथे बंद कपवाले, लाइटा लावलेले, खोक्यावर मोठ्या अक्षरात ७.१ (सराउंड साउंड) लिहिलेले हेडसेट पाहिजे तेवढे, पण मला ओपन-बॅक हवा होता, म्हणजे कपच्या मागे जाळी असलेला, आणि तोही माइकसकट. एक दुकानदार म्हणाला मागवून देतो, पण बिल मिळणार नाही. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि उद्या काही झालं तर विचारायचं कोणाला? मग स्वतःच मागवायचं ठरवलं.

आता पैशाचं. साइटवर दिसते ती किंमत विसरा. कस्टम्सवाले ड्युटी नुसत्या वस्तूवर लावत नाहीत, वस्तू अधिक भाडं अधिक विमा या सगळ्यावर लावतात, आणि डॉलरचा दर गूगलवरचा नाही तर त्यांनी स्वतः जाहीर केलेला धरतात. त्यावर बेसिक ड्युटी, त्या ड्युटीच्या १० टक्के सरचार्ज असेल तर तो, आणि मग या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. समजा सगळं मिळून १५,००० झाले, बेसिक ड्युटी २० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरली, तर ३,००० अधिक ३०० अधिक ३,२९४, म्हणजे ६,५९४ रुपये नुसते करात गेले. दर बजेटमध्ये बदलत राहतात, शिवाय वस्तू वैयक्तिक वापराच्या ९८०४ या हेडिंगखाली लावली की हेडफोनच्या स्वतःच्या हेडिंगखाली, यावरही फरक पडतो, तेव्हा आकडे पाठ करू नका, हिशोबाची रीत लक्षात ठेवा आणि ऑर्डर करायच्या दिवशीचे दर बघा. कार्डवर बँकेचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या व्यवहाराचं जादा शुल्क, आणि त्यावर जीएसटी हे वेगळंच. आणि हो, रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते आधी ॲपमध्ये जाऊन चालू करा.

पार्सल सहारला, विमानतळाच्या कस्टम्समध्ये, अडकलं होतं. कुरिअर कंपनीचं नाव घेत नाही, पण इन्व्हॉइसवर नुसतं 'गेमिंग ॲक्सेसरी' लिहिलंय म्हणून त्यांनी आधार मागितलं, मग पेमेंटचा स्क्रीनशॉट, मग प्रॉडक्टच्या पानाची लिंक, आणि हे सगळं एकदम न मागता एकेक मेल करून, प्रत्येक मेलमध्ये नवीन माणूस! ड्युटी त्यांनीच आधी भरली आणि ती भरल्याबद्दल स्वतःची हँडलिंग फी लावली, त्या फीवर परत जीएसटी. तेव्हा विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की इन्व्हॉइसवर 'वायर्ड हेडफोन विथ मायक्रोफोन' असं स्पष्ट लिही आणि खरी किंमत लिही. गिफ्ट म्हणून पाठव असं सांगणारे सल्लागार खूप भेटतात, त्यांचं ऐकू नका. गिफ्टची ड्युटी-माफी डिसेंबर २०१९ मध्येच गेली, राखी आणि जीव वाचवणारी औषधं सोडून. किंमत कमी दाखवली तर माल जप्त होऊ शकतो, आणि वाटेत हरवला तर भरपाईसुद्धा त्या कमी किमतीचीच मिळणार.

वायरलेसचा मोह मी मुद्दाम टाळला. २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ असला की दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस विभागाची ईटीए मंजुरी (रेडिओ असलेल्या उपकरणाला लागणारी) हा विषय निघतो, आणि लिथियम बॅटरी असली की विमानातून न्यायचे वेगळे नियम. स्पीकर मागवत असाल तर मागचं लेबल वाचा, अमेरिकेत १२० व्होल्ट आणि आपल्याकडे २३०, लेबलवर १००-२४० लिहिलं नसेल तर नुसती पिन बदलून चालणार नाही, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

आता आवाजाबद्दल, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला. २८ ओहमचा आहे, म्हणजे चालवायला सोपा, त्यामुळे वेगळा ॲम्प्लिफायर लागत नाही, कॉम्प्युटरच्या मदरबोर्डच्या जॅकवरच मस्त वाजतो (म्हणजे आणखी एक डबा मागवायचा खर्च वाचला). काउंटर-स्ट्राइक २ या गोळीबाराच्या गेममध्ये मिराज या मॅपवर ए साइट धरून बसलो की कोणी पॅलेसमधून येतोय की रॅम्पवरून, हे आता बघावं लागत नाही, कान आपोआप तिकडे वळतो. आधीच्या बंद हेडसेटवर ग्रेनेड फुटला की बेसच्या धडधडीत पावलं बुडून जायची, इथे धमाका होऊन जातो आणि त्याच्या मागून पावलं वेगळी ऐकू येतात. मला हे इतकं आवडलं की गेम बंद करून जुन्या मॅचचे डेमो, म्हणजे रेकॉर्डिंग, नुसते ऐकत बसलोय. व्हॅलोरंट या दुसऱ्या गेममध्ये एचआरटीएफ (आवाजाची दिशा दाखवणारं सेटिंग) चालू ठेवा आणि विंडोजचं किंवा कुठलंही व्हर्च्युअल सराउंड बंद करा, दोन्ही एकदम लावलं तर दिशेची खिचडी होते. काउंटर-स्ट्राइकच्या न्यूक या दुमजली मॅपवर मात्र माणूस वर आहे की खाली, हे अजूनही अवघडच जातं, तिथे कुठलाही हेडसेट जादू करणार नाही.

माइक वर केला की म्यूट, ही सवय इतकी लागते की दुसरा हेडसेट घेतला तरी हात तिकडेच जातो. पंखा पाचवर असेल तर मित्रांना घरघर ऐकू जाते, गप्पांच्या डिस्कॉर्ड ॲपमधलं क्रिस्प हे आवाज गाळणारं सेटिंग लावलं की ती बंद होते.

मुंबईतला खरा प्रश्न घामाचा आणि दमटपणाचा. सोबत पॅडचे दोन जोड येतात, एक मखमलीसारखा वेलूर आणि एक जाळीदार कापडाचा. मे महिन्यात वेलूर लावून एक लांबलचक मॅच खेळा, कानाभोवती ओलंचिंब. म्हणून एसी असेल तेव्हा वेलूर, नाहीतर जाळीवाला. जुलैत घरात कपडे वाळत नाहीत तिथे पॅड कुठून वाळणार, कुबट वास यायला लागला होता. आता पावसाळाभर खेळून झालं की पॅड काढून पंख्याखाली ठेवतो आणि हेडसेट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. तेव्हापासून वास नाही. जॅक मधूनमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, खाऱ्या हवेत धातूवर थर धरतोच.

ओपन-बॅकमुळे बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं बाहेर जातं. आई जेवायला हाक मारते ती पहिल्या हाकेला ऐकू येते, तिच्या दृष्टीने ही या हेडसेटमधली सगळ्यात चांगली गोष्ट. पण रात्री त्याच खोलीत धाकटा भाऊ झोपतो आणि त्याला गोळीबार ऐकू जातो, म्हणून रात्री उशिरा आवाज बराच कमी. गणपतीच्या मिरवणुकीच्या दिवशी रँक्ड, म्हणजे क्रमवारीच्या मॅच, खेळायचा विचारही करू नका. घर हमरस्त्यावर किंवा रुळांना लागून असेल तर हा घेऊच नका, इथेच सर्व्हिस मिळणारा बंद कपवाला घ्या, मी मनापासून सांगतोय.

मागवायचाच असेल तर पॅडचा जादा जोड आणि एक जादा केबल त्याच पार्सलमध्ये टाका. नंतर एकटे पॅड मागवले की भाडं आणि हँडलिंग फी मिळून पॅडच्या किमतीपेक्षा जास्त होतात. माझे वेलूरचे आता दबायला लागलेत, न्यू जर्सीचा मावसभाऊ दिवाळीत येतोय, त्याच्या बॅगेत दोन जोड सांगून ठेवलेत.