एसएसबीवाला छोटा रेडिओ, सात-आठ महिने वापरून

दिवाळीत घेतला, आता वळवाचे ढग दिसायला लागलेत, म्हटलं लिहून टाकावं. बातम्या-गाण्यांसाठी घेतलाच नव्हता, मला दोन माणसांचं चालू बोलणं ऐकायचं होतं, म्हणजे हॅमवाले (लायसन्स काढून हौसेने रेडिओवर गप्पा मारणारे) आणि समुद्रावरची विमानं. त्याला एसएसबी (सिंगल साइडबँड, हे लोक ज्या पद्धतीने आवाज पाठवतात ती) हवंच, नाहीतर समोरचा तोंडात पान कोंबून बोलतोय असं वाटतं. आणि नुसतं एसएसबी असून भागत नाही, बारीक ट्यूनिंग १० हर्ट्झच्या टप्प्याने झालं पाहिजे, ते याच्यात आहे आणि पैसे वसूल तिथेच होतात.

सकाळी ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ, लोअर साइडबँड (एसएसबीचे दोन प्रकार, लोअर आणि अपर, बरोबर तो निवडावा लागतो). व्हीयू२, व्हीयू३ ने सुरू होणारे कॉलसाइन (हॅमचं रेडिओवरचं नाव) आले की आपलीच मंडळी, सिग्नल रिपोर्ट देतात, अँटेनाची चर्चा, मग हळूच गुडघेदुखीवर येतात. १४ मेगाहर्ट्झला मात्र अपर लावायचं, संध्याकाळी तिथे युरोपवाले बरे येतात.

पण माझा जीव ८८७९ किलोहर्ट्झवर. अरबी समुद्राच्या मध्यावरून विमानाचा नेहमीचा व्हीएचएफ रेडिओ किनाऱ्यापर्यंत पोचत नाही म्हणून पायलट एचएफवर (लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हवर) मुंबईच्या कंट्रोलला हाक मारतो, वाटेतल्या पॉइंटचं नाव, वेळ, फ्लाइट लेव्हल (उंची), पुढचा पॉइंट, आणि मुंबईवाला सगळं परत म्हणून दाखवतो, आकडा चुकला की पायलट लगेच टोकतो. मग सेलकॉल (ठराविक विमानालाच बोलावणारी सुरांची घंटी) चेक, आधी दोन सूर एकदम, मग दुसरे दोन, आणि पायलट "सेलकॉल ओके". झालं, आता त्याला खरखर ऐकत बसायला नको, त्याच्याशी काम पडलं की तेच सूर पाठवले की कॉकपिटमध्ये वाजतं. हल्ली बरंचसं डेटालिंकवर (बोलण्याऐवजी लेखी संदेशांवर) गेलंय, त्यामुळे कधीकधी कितीतरी वेळ नुसती शांतता. तेव्हा ६६७६ लावून बघायचं, तासाच्या २५ आणि ५५ व्या मिनिटाला मुंबई व्होल्मेट विमानतळांचं हवामान सांगतं, ते स्वच्छ आलं तर रेडिओ ठीक, बोलायलाच कोणी नाहीये.

तक्रारी आहेत. स्पीकर पिचका, हेडफोन लावाच. चार्जिंगला लावून ऐकायचं विसरा, चार्जरचीच घूं घूं येते. बॅटरी मात्र जुन्या नोकियाची बीएल-५सी, कुठल्याही मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळते, हे मला फार आवडलं.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एलईडी बल्ब आणि शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर मिळून अर्धा बँड खातात. गावी लाइट गेली रे गेली की सगळे शिव्या घालतात आणि मी रेडिओ घेऊन अंगणात, तेव्हा असले बारीक आवाज वर येतात की बस. तिथे दहाएक मीटर वायर आंब्यावर टाकलीय, पण रात्री तिच्यामुळे ७२०० च्या वरचे ब्रॉडकास्टवाले हॅमच्या डोक्यावर बसतात, तेव्हा अँटेनाचं बटण लोकलवर करायचं किंवा वायर काढायची.

बाहेरून मागवणार असाल तर कस्टम धरून हिशोब करा.