दुबईत पगार थकला: आधी तिथलं मंत्रालय की आपलं ‘मदद’ पोर्टल?

पगार थकला की गावाकडून पहिला सल्ला येतो, ‘एम्बसीला कळव.’ सल्ला चुकीचा नाही, पण पैसे वसूल करायचे असतील तर क्रम उलटा हवा.

अमिरातीच्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे मोबाइल अ‍ॅपवरून तक्रार करता येते. खासगी कंपन्यांचे पगार तिथे वेतन संरक्षण प्रणालीतून जातात, त्यामुळे कुठल्या महिन्याचा पगार पडला नाही हे सरकारी नोंदीतच दिसतं. २०२४ पासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या वादात मंत्रालय स्वतः निकाल देऊ शकतं. त्याहून मोठी रक्कम असेल आणि तडजोड फिसकटली, तर कोर्ट.

भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल २०१५ मध्ये सुरू झालं. तिथली तक्रार दूतावासाकडे जाते, दूतावास मालकाशी बोलतो. पण मालकाला पैसे द्यायचा हुकूम तो देऊ शकत नाही. पासपोर्ट मालकाने दाबून ठेवला असेल किंवा परतीच्या तिकिटाचेही वांधे असतील, तर मात्र हाच दरवाजा ठोठावा.

माझं मत स्पष्ट आहे: आधी तिथलं मनुष्यबळ मंत्रालय, सोबत ‘मदद’. आणि तक्रार न करताच कामावर जाणं बंद करू नका. मालक ‘पळून गेला’ अशी नोंद करून मोकळा होतो. व्हिसा रद्द करताना ‘सर्व देणी मिळाली’ असा कागद पुढे येतो. पैसे खात्यात पडेपर्यंत त्यावर सही करायची नाही, एचआरवाला कितीही गोड बोलला तरी.