कोमोडो ड्रॅगन: विनामूल्य स्टॉकफिशसमोर विकत घेण्याजोगे काय उरते?

संगणकीय बुद्धिबळाच्या बाजारात एके काळी ताकद हाच विकाऊ माल होता. २००६ मध्ये बॉन येथे डीप फ्रिट्झ या इंजिनाने (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकीय प्रोग्रामने) जगज्जेत्या व्लादिमिर क्रामनिकला ४-२ असे हरवले, तेव्हा तशी ताकद घरच्या संगणकावर मिळावी म्हणून लोक आनंदाने पैसे मोजत. आज त्याहून कितीतरी बलवान असलेले स्टॉकफिश हे इंजिन कोणालाही फुकट उतरवून घेता येते, आणि जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवून त्यातील प्रत्येक बदल पारखला जातो. मोजक्या माणसांच्या कंपनीला एवढे चाचणीबळ विकत घेणे परवडणारे नाही.

म्हणूनच डॉन डेली यांनी सुरू केलेल्या आणि ग्रँडमास्टर लॅरी कॉफमन यांच्या जाणकारीवर वाढलेल्या कोमोडो या विकाऊ इंजिनाकडे केवळ गुणांकनाच्या (खेळाची ताकद दाखवणाऱ्या आकड्यांच्या) तक्त्यातून पाहणे अन्यायाचे ठरेल. २०२० मध्ये न्यूरल नेटवर्कची (उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या संगणकीय जाळ्याची) जोड मिळून ते 'ड्रॅगन' झाले, तरी त्याचे खरे मोल मला त्याच्या कमकुवत खेळात दिसते. पातळी उतरवलेली बहुतेक इंजिने दहा खेळ्या निर्दोष खेळतात आणि अकराव्या खेळीला विनाकारण उंट सोडून देतात. अशा डावातून शिकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ड्रॅगनमध्ये पातळीबरोबर आक्रमक, बचावात्मक किंवा माणसासारखी शैलीही निवडता येते. आक्रमक शैली निवडली की ते राजावरील हल्ल्यासाठी प्याद्याचा बळी द्यायला चटकन तयार होते, आणि तो हल्ला परतवण्याचा सराव खऱ्या स्पर्धेत उपयोगी पडतो.

धंद्याचे गणितही इथेच सुटते. चेस डॉट कॉमने २०१८ मध्ये कोमोडो विकत घेतले आणि आपल्या संकेतस्थळावरील कृत्रिम प्रतिस्पर्ध्यांमागे तेच उभे केले, म्हणजे इंजिनाचे पैसे सभासदत्वातून वसूल होतात. याउलट चेसबेस या बुद्धिबळ-सॉफ्टवेअर कंपनीने २०२१ मध्ये विक्रीस आणलेल्या फॅट फ्रिट्झ २ या इंजिनाचा गाभा स्टॉकफिशचाच होता. स्टॉकफिशच्या परवान्याच्या अटींवरून प्रकरण जर्मन न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये तडजोडीने मिटले.

आपल्या डावांतील चुका तपासण्यापुरतेच इंजिन हवे असेल, तर ड्रॅगनवर खर्च करू नये. स्टॉकफिश पुरेसे आहे. सरावासाठी जोडीदार हवा असेल, तर मात्र त्याची किंमत मला रास्त वाटते. पुढच्या आवृत्तीत गुणांकन आणखी थोडे वाढवण्याऐवजी निर्मात्यांनी खालच्या पातळ्यांवरील अंत्यखेळ सुधारावा, कारण शिकणाऱ्याचे बरेचसे जिंकलेले डाव तिथेच निसटतात.